लाइन प्रिंटरवर हजारो पानांचा रिपोर्ट सुटतो अन् चलानं अडकतात, पक्का बंदोबस्त काय?

वाळूज_ईडीपी

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत ईडीपी म्हणजे कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. स्टोअर, परचेस, डिस्पॅच, अकाउंट्स सगळं एकाच ए एस फोर हंड्रेडवर, म्हणजे आयबीएमच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, चालतं, नवीन नाव आयबीएम आय आहे पण आमच्याकडं सगळे जुन्याच नावानं बोलतात. मशीनबद्दल काही तक्रार नाही, दणकट आहे. डोकेदुखी प्रिंटची आहे.

डिस्पॅचला एक लाइन प्रिंटर आहे, मिनिटाला ५०० लाइनवाला, कंटिन्युअस पेपरचा. इन्व्हॉइस लेझरवर क्यूआर कोडसकट निघतं, त्याचा प्रश्न नाही. पण जॉबवर्कची चलानं तीन प्रतीत लागतात, कार्बनवाला पेपर आहे, म्हणून ती या इम्पॅक्ट प्रिंटरवरच काढतो, त्यासोबत पॅकिंग लिस्ट अन् गेटपास पण तिथंच. आणि स्टोअर अन् अकाउंट्सचे १३२ कॉलमचे रिपोर्टसुद्धा त्याच आउटक्यूवर, म्हणजे प्रिंटच्या रांगेत, येऊन पडतात, कारण वर्षानुवर्षं सगळ्यांच्या प्रोफाइलला तोच प्रिंटर लावलेला आहे.

आता होतं काय, की कुणीतरी स्टॉक लेजर मारतं, तारीख रिकामी ठेवून एंटर. तारीख रिकामी म्हणजे पहिल्या दिवसापासूनचं सगळं. मागं एकदा ऐन दुपारी असाच लेजर सुटला, साडेतीन हजार पानं. मिनिटाला ५०० लाइन धरल्या अन् पानाला साठ लाइन, तर मिनिटाला आठ पानं निघतात, म्हणजे सात तासांच्या वरचं काम. गेटवर गाड्या लोड होऊन उभ्या, ईवे बिल काढलेलं, त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबानं चालू झालेली, ड्रायव्हर लोकं खिडकीत येऊन विचारायलेत साहेब कागद कधी देणार, आणि प्रिंटरमागं कागदाची थप्पी गुडघ्याएवढी झालेली, वरचं पान उचलून बघितलं तर चौदा-पंधरा सालच्या नट-बोल्टच्या एंट्र्या, बॅलन्स शून्य शून्य शून्य. ज्या आयटमचं आता कुणाला नावही आठवत नाही त्याच्या ओळीच्या ओळी.

डिस्पॅचच्या पोरानं घाबरून प्रिंटरच बंद केला. चालू केल्यावर कागद सरकलेला, त्यामुळं पुढची चार-पाच चलानं बरोब्बर फाडायच्या रेघेवर छापली गेली, ती परत काढावी लागली.

मला तीन गोष्टी पाहिजेत. एक, असा रिपोर्ट चालू असताना तो नीट थांबवून चलानं आधी कशी काढायची. दोन, दिवसा ठराविक पानांच्या वरचा रिपोर्ट या प्रिंटरवर आपोआप निघूच नये असं काही सिस्टीममधेच आहे का, का त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. तीन, मॅनेजमेंट म्हणतंय की स्टोअर अन् अकाउंट्सचे प्रिंटचे अधिकारच काढून घ्या, ते मला पटत नाही, त्यांचंही काम आहे. जाणकारांनी सांगा.

लातूरवाला

सोपं आहे की. चलानच्या जॉबला प्रायॉरिटी १ द्या आणि रिपोर्टला ९. आमच्याकडं असंच आहे.

जालना_सिस्टीम

लातूरवाले दादा, प्रायॉरिटी द्यावीच पण तेवढ्यानं यांचा प्रश्न सुटत नाही. आउटपुट प्रायॉरिटी फक्त रांगेतला नंबर ठरवते. जे स्पूल, म्हणजे रांगेत लागलेली प्रिंटची फाइल, रायटरनं, म्हणजे प्रिंटरला काम पुरवणाऱ्या प्रोग्रामनं, एकदा छापायला घेतलं ते संपेपर्यंत १ नंबरवाला पण मागंच उभा राहतो. साडेतीन हजार पानांचा लेजर सकाळी रांग मोकळी असताना घुसला की झालं, मागून कितीही प्रायॉरिटीचं चलान आलं तरी वाट बघणार. तुमच्याकडं बहुतेक मोठे रिपोर्ट नसतील म्हणून चालून जातंय.

वाळूजकर, आधी तुमचा पहिला प्रश्न. प्रिंटरचं बटण कुणालाच दाबू देऊ नका. वर्क-आउटक्यू कमांड द्या, जे स्पूल रायटर स्टेटसला दिसतंय त्याला होल्ड लावा, पण नुसता ३ नंबर मारून एंटर करू नका, ३ टाकून एफ फोर दाबा आणि होल्डचा ऑप्शन पेज-एंड द्या. इमिजिएट दिलं तर मधेच तुटतं, पेज-एंडला चालू पान पूर्ण होऊन थांबतं, कागद आपल्या जागेवर राहतो, फाडायची रेघ चुकत नाही. लगेच रांगेतलं पुढचं चलान निघायला लागतं. संध्याकाळी तो लेजर खरंच पाहिजे असेल तर स्पूलचे ॲट्रिब्यूट बदलायच्या स्क्रीनवर रीस्टार्टचा पॅरामीटर आहे, तिथं पान नंबर टाकला की तिथून पुढं छापतं. आणि फक्त काहीच पानं पाहिजे असतील तर पेज रेंज पण तिथंच देता येते, समजा २१०० ते २१४०. हे लई लोकांना माहीतच नसतं, चाळीस पानांसाठी आख्खा गठ्ठा काढत बसतात.

दुसरा प्रश्न. वेगळं सॉफ्टवेअर काही घेऊ नका, सिस्टीममधे आहे. चेंज-आउटक्यू कमांड घ्या, एफ फोर दाबा, खाली मॅक्सिमम स्पूल्ड फाइल साइझ असं दिसेल, पॅरामीटरचं नाव मॅक्सपेजेस. त्यात तीन गोष्टी भरायच्या, किती पानं, कुठल्या वेळेपासून, कुठल्या वेळेपर्यंत. समजा ४० पानं, सकाळी ८ ते रात्री १०. मग त्या वेळेत ४० च्या वरचं स्पूल त्या क्यूवर आलं तर ते छापायला घेतच नाही, डीएफआर म्हणजे डिफर्ड स्टेटसला टाकून ठेवतं, अन् मागची छोटी कामं त्याला ओलांडून पुढं जातात. दहा वाजले की आपोआप मोकळं होतं. एकापेक्षा जास्त वेळा पण देता येतात, म्हणजे दिवसभर ४० आणि तुमच्या गाड्या निघायच्या ऐन गर्दीच्या दोन तासांत १० असं. रिपोर्ट डिलीट होत नाही, कुणाचं काम वाया जात नाही, हे मला यातलं सगळ्यात आवडतं.

एक काळजी घ्या. प्रिंटर फाइलला, म्हणजे रिपोर्ट कसा छापायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगला, शेड्यूल म्हणून पॅरामीटर असतो, तो फाइल-एंड किंवा जॉब-एंड पाहिजे. इमिजिएट असेल तर रिपोर्ट बनत असतानाच छपाई सुरू होते, आणि तेव्हा एकूण पानं किती हे सिस्टीमलाच माहीत नसतं, मग मर्यादा कशाला लावणार. जुन्या पॅकेजमधे काही प्रिंटर फाइल इमिजिएटवर करून ठेवलेल्या सापडतात, त्या एकदा चाळून बघा.

तिसऱ्या प्रश्नावर मी तुमच्याच बाजूचा आहे. अधिकार काढून काही होत नाही, लोकं मग डिस्पॅचवाल्याचा पासवर्ड मागून प्रिंट मारतात, अन् कुणी मारलं तेही कळत नाही.

वाळूज_ईडीपी

सर लई उपयोगाची माहिती दिली, पेज-एंडचं खरंच कुणी सांगितलं नव्हतं. मॅक्सपेजेस टेस्ट क्यूवर लावून बघितलं, डीएफआर दिसायलंय. पण अजून दोन शंका. रात्री दहानंतर डिस्पॅचला कुणी नसतं, तेव्हा दोन-अडीच हजार पानं निघायला लागली अन् कागद अडकला किंवा लाइट गेली तर? प्रिंटर यूपीएसवर नाही. आणि दुसरं, मागं म्हणे सिस्टीम मोठा रिपोर्ट झाला की मेसेज देऊन थांबायची, आता तसं काहीच येत नाही, हे कामून बंद झालं असेल?

चिकलठाणा_आरपीजी

मेसेजचं मी सांगतो, मी याच मशीनवर प्रोग्रामिंग करतो. प्रत्येक प्रिंटर फाइलला मॅक्सरेकॉर्ड्स असतं, सिस्टीमबरोबर येते तेव्हा १,००,००० वर असतं. रेकॉर्ड म्हणजे ढोबळमानानं छापायची ओळ, त्यामुळं साधारण दीड-दोन हजार पानांच्या आसपास ती मर्यादा गाठली जाते. गाठली की जॉब मेसेज-वेटला उभा राहतो आणि विचारतो, रद्द करू का पुढं जाऊ देऊ. तुमच्या इथं कुणीतरी त्या मेसेजला कंटाळून प्रिंटर फाइलला नो-मॅक्स केलेलं असणार, नाहीतर सिस्टीम रिप्लाय लिस्टमधे त्या मेसेजला आपोआप उत्तर लावलेलं असणार. दोन्ही जागा बघा. कंपाइल केलेल्या प्रत्येक प्रिंटर फाइलचं वेगळं असतं, एकीला बदललं म्हणून सगळीकडं बदलत नाही.

पण हे परत चालू करताना सरसकट करू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. नुसत्या वाचणाऱ्या रिपोर्टला, म्हणजे लेजर, एजिंग, स्टॉक स्टेटमेंट, यांना बिनधास्त मर्यादा लावा. पण जो प्रोग्राम छापता छापता फाइल अपडेट करतो, डे-क्लोज, मंथ-एंड पोस्टिंग, त्याला छोटी मर्यादा लावली अन् ऑपरेटरनं मेसेज बघून रद्द असं उत्तर दिलं तर निम्म्या एंट्र्या पोस्ट अन् निम्म्या नाहीत अशी अवस्था होते. कमिटमेंट कंट्रोल, म्हणजे अर्धवट एंट्र्या मागं घ्यायची सोय, लावलेलं नसेल तर ते हातानं निस्तरावं लागतं. आणि रद्द नाही केलं तरी जॉब उभा असेपर्यंत त्याचे रेकॉर्ड लॉक तसेच धरलेले राहतात, बाकीचे यूजर फिरत्या घड्याळाकडं बघत बसतात. त्यामुळं त्या प्रोग्रामना हातच लावू नका, त्यांचं आउटपुट फक्त वेगळ्या क्यूवर वळवा.

खरं दुखणं रिपोर्ट मागणाऱ्या स्क्रीनमधे आहे. तारीख रिकामी म्हणजे सगळं, हे ज्यानं लिहिलं त्यानं कंपनी नवीन असताना लिहिलं, तेव्हा सगळं म्हणजे वीस पानं होती. आता तिथं दोन बदल करा. रिकाम्या तारखेला चालू महिना धरायचा. आणि रिपोर्ट सुरू करायच्या आधी त्याच अटी लावून नुसती मोजणी करायची, एसक्यूएलची एक काउंटची ओळ, सेकंदात उत्तर येतं. त्याला पानाच्या ओळींनी भागायचं आणि यूजरला स्क्रीनवर दाखवायचं, या रिपोर्टची अंदाजे ३,४०० पानं होतील, तारीख बदलायची का रात्रीच्या क्यूला टाकायचं का फक्त स्क्रीनवर बघायचं. समोर आकडा आला की बहुतेक जण स्वतःहून मागं फिरतात, कुणाला मुद्दाम एवढा कागद नको असतो, त्यांना माहीतच नसतं किती निघणार आहे.

सोर्स हातात नसेल, जुन्या पॅकेजचं बऱ्याचदा नसतंच, तर रिपोर्टला कॉल करणारा जो सीएल, म्हणजे सिस्टीमच्या कमांडचा, प्रोग्राम असतो त्यात कॉलच्या आधी ओव्हरराइड-प्रिंटरफाइल कमांड टाका, क्यू वेगळा द्या अन् होल्ड यस करा. मग रिपोर्ट बनतो पण होल्डलाच पडून राहतो. यूजर वर्क-स्पूलफाइलमधे ५ दाबून स्क्रीनवर बघतो, फाइंडमधे आयटम कोड टाकून पाहिजे तिथं जातो, आणि खरंच कागद लागणार असेल तरच रिलीज करतो.

नांदेड_अकाउंट्स

मी ईडीपीची नाही, अकाउंट्सला आहे, एका कारखान्यात. तुम्हा सगळ्यांचं वाचलं, बरं वाटलं की कुणीतरी अधिकार काढू नका म्हणतंय. पण आमच्या बाजूचं पण ऐका. आम्ही आख्खा लेजर का काढतो, तर ऑडिटला माणसं येतात आणि म्हणतात या पार्टीचं तीन वर्षांचं दाखवा, मग त्या पार्टीचं, मग अजून एकीचं. प्रत्येक वेळी टर्मिनलवर जाऊन पार्टी कोड टाकून रिपोर्ट मागायचा तर टर्मिनल दोनच, रांग लागते. त्यापेक्षा एकदाच सगळं काढून बाइंडिंग केलेलं बरं असं वाटतं. शिवाय जुने साहेब लोक अजूनही कागदावर पेनानं टिक मारल्याशिवाय मानत नाहीत, त्यांची ती कामाची पद्धत आहे, चाळीस वर्षं त्यांनी त्याच पद्धतीनं एक पैशाचा फरक शोधून काढलेला आहे.

आमच्याकडं हा प्रश्न सुटला तो एक्सेलमुळं. ईडीपीच्या दादांनी दर महिन्याच्या पाच तारखेला आख्खा लेजर फाइल करून आमच्या फोल्डरला टाकायला सुरुवात केली. आम्ही त्यात फिल्टर लावतो, लागेल त्या पार्टीची चार पानं साध्या लेझरवर काढतो, साहेबांना टिकला देतो. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात हे खरं, पण ती कागदावरच पाहिजेत असं कायद्यात नाही, इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड चालतं, फक्त मागितलं की दाखवता आलं पाहिजे अन् बॅकअप नीट पाहिजे. हे आमच्या ऑडिटरनीच आम्हाला सांगितलं. तुमच्या अकाउंट्सवाल्यांनाही कुणीतरी हे एकदा शांतपणे सांगा, निम्मी प्रिंट आपोआप कमी होईल.

आणि एक विनंती. डीएफआर, होल्ड असलं काही लावाल तर आधी सांगा. आमच्याकडं एकदा न सांगता असंच काहीतरी लावलं होतं, आमची ट्रायल बॅलन्स निघेना, आम्हाला वाटलं प्रिंट गेलीच नाही म्हणून तिघींनी परत परत मारली. एकीच्या जागी ढीग जमा झाला.

जालना_सिस्टीम

ताई, शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. डिफर्ड झालेलं स्पूल यूजरला हरवल्यासारखंच दिसतं. वाळूजकर, मर्यादा लावायच्या आधी सगळ्यांना दाखवा की वर्क-स्पूलफाइल केलं की आपलं काम तिथं दिसतं अन् स्टेटसमधे डीएफआर म्हणजे काय. मेनूवरच त्याचा एक ऑप्शन देऊन टाका, माझे प्रिंट म्हणून.

ताईंनी फाइलचं म्हणलं त्यात भर. सिस्टीम ७.१ किंवा पुढची असेल आणि ट्रान्सफॉर्म सर्व्हिसेस नावाचा लायसन्स प्रोग्राम टाकलेला असेल तर कॉपी-स्पूलफाइल कमांडनं स्पूलची सरळ पीडीएफ करून फोल्डरला टाकता येते. दिसायला अगदी छापल्यासारखी, त्याच रेघा तीच पानं, त्यामुळं जुन्या माणसांना परकी वाटत नाही. बेरजा-फिल्टर करायचे असतील तर एक्सेल, नुसतं बघायचं-दाखवायचं असेल तर पीडीएफ.

रात्रीच्या छपाईबद्दल तुमची भीती बरोबर आहे. माणूस नसताना इम्पॅक्ट प्रिंटरवर हजारो पानं सोडू नये, ट्रॅक्टरमधून कागद एका बाजूनं निसटला की एकाच जागी सगळं छापून काळा लगदा करून ठेवतो, रिबन पण फाटते. त्यापेक्षा मोठ्या रिपोर्टना फॉर्म टाइप वेगळा द्या. प्रिंटर फाइलला किंवा ओव्हरराइडमधे फॉर्म टाइप समजा रात्र नाहीतर मोठा असं काही नाव, आणि प्रिंटर रायटर चालू करताना फक्त स्टँडर्ड फॉर्म टाइप घे असं सांगायचं. मग ती स्पूलं दहा वाजोत का बारा, त्या रायटरला दिसतच नाहीत. ज्या दिवशी माणूस थांबणार असेल, किंवा रविवारी सकाळी, तेव्हा रायटर बंद करून त्या फॉर्म टाइपवर चालू करायचा, समोर उभं राहून काढायचं. तुमच्याकडं तसंही कार्बनचा पेपर अन् साधा पेपर बदलावा लागत असेलच, फॉर्म टाइप हा त्यासाठीच केलेला आहे. लेजर कार्बन पेपरवर छापणं म्हणजे पैशाची नासाडी, ती वेगळीच.

परभणी_नेटवर्क

आमच्याकडं ए एस फोर हंड्रेड नाही, विंडोज प्रिंट सर्व्हर आहे, पण प्रश्न अगदी हाच होता. कुणी या धाग्यावर विंडोजवालं शोधत आलं तर त्यांच्यासाठी लिहितो.

विंडोजमधे एका खऱ्या प्रिंटरचे दोन प्रिंटर बनवता येतात, पोर्ट एकच, नावं दोन. एक रोजच्या बिलांसाठी, दुसरा मोठ्या रिपोर्टसाठी. प्रॉपर्टीजमधे ॲडव्हान्स्ड टॅबवर दुसऱ्याला वेळ बांधून द्यायची, संध्याकाळी ६ ते ८ असं, आणि पहिल्याची प्रायॉरिटी वाढवायची. इथं १ सगळ्यात खालची आणि ९९ सगळ्यात वरची, ए एस फोर हंड्रेडच्या बरोब्बर उलटं, त्यामुळं दोन्हीकडं काम करणाऱ्यांनी गफलत करू नये. पण पानं मोजून अडवायचं विंडोजमधे स्वतःचं काही नाही, त्याला पेपरकटसारखं वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

अजून एक, विंडोजमधे स्पूलचं फोल्डर सी ड्राइव्हवर असतं. मोठी ग्राफिकवाली पीडीएफ प्रिंटला टाकली तर स्पूल झालेली फाइल मूळच्या कितीतरी पट फुगते, सी ड्राइव्ह भरला की सगळ्या प्रिंटरचं काम एकदम बंद. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमधून ते फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हला हलवून ठेवा.

चिकलठाणा_आरपीजी

परभणीकरांनी डिस्कचा विषय काढला म्हणून. आयबीएम आयवर सुद्धा मोठ्या स्पूलचा खरा भार कागदावर दिसतो पण डिस्कवर गपचूप साठतो. डीएफआर, होल्ड, सेव्ह असं करत करत लोकं ती डिलीट करायची विसरतात. वर्क-सिस्टीम-स्टेटसमधे सिस्टीम एएसपी, म्हणजे डिस्कची जागा, किती टक्के भरली ते बघत चला, ९० च्या वर जायला लागली की आधी आउटक्यू तपासा. रोज हातानं साफ करण्यापेक्षा प्रिंटर फाइलला एक्स्पायरी द्या, दिवस ठरवून, आणि डिलीट-एक्स्पायर्ड-स्पूलफाइल ही कमांड जॉब शेड्युलरमधे रोज रात्रीला लावून द्या. सिस्टीमच्या व्ही५आर४ आवृत्तीपासून ती सोय आहे. फक्त ऑडिटच्या क्यूवरच्या रिपोर्टना एक्स्पायरी लावू नका, किंवा लावायच्या आधी ताईंसारख्यांना विचारा.

लातूरवाला

जालना सर, पटलं. आमच्याकडं एकाच आउटक्यूवर दोन प्रिंटर आहेत हे मी सांगायला पाहिजे होतं, त्यामुळं एक अडकला तरी दुसरा चालू राहतो, कदाचित म्हणूनच आम्हाला जाणवलं नाही.

जालना_सिस्टीम

हो दादा, तेच कारण. एका आउटक्यूवर दहापर्यंत रायटर लावता येतात. वाळूजकरांकडं जुना चालू स्थितीतला दुसरा प्रिंटर पडलेला असेल तर हा पण चांगला उपाय आहे. फक्त दोन मोठे रिपोर्ट एकदम आले तर दोन्ही गुंततात, म्हणून मॅक्सपेजेस तरी पाहिजेच. आणि दोन्ही प्रिंटरला पेपर एकसारखा पाहिजे, नाहीतर चलान साध्या कागदावर अन् पॅकिंग लिस्ट कार्बनवर.

वाळूज_ईडीपी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय केलं ते लिहितो, पुढं कुणाला उपयोगी पडेल.

अकाउंट्स अन् स्टोअरसाठी वेगळा आउटक्यू केला, त्यांच्या प्रोफाइलमधे तो लावला. स्टोअरमधे एक जुना १३२ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स होता, तो साफ करून तिकडं जोडला. डिस्पॅचच्या क्यूवर फक्त चलान, गेटपास, पॅकिंग लिस्ट, तरी चुकून काही आलंच तर ४० पानांची मर्यादा सकाळी ८ ते रात्री १०. आमची सगळ्यात मोठी पॅकिंग लिस्ट पण बारा-तेरा पानांच्या वर जात नाही, त्यामुळं ४० ला कुणाचं अडणार नाही. मोठ्या रिपोर्टना फॉर्म टाइप वेगळा दिला. नो-मॅक्स खरंच निघालं, स्टॉक लेजर अन् पार्टी लेजरच्या प्रिंटर फाइलला, ते परत १,००,००० वर आणलं, मंथ-एंडच्या प्रोग्रामना हात लावला नाही.

लेजरचा सोर्स नाही आमच्याकडं, म्हणून सीएलमधे ओव्हरराइड टाकून होल्ड यस केलं. मोजणीची स्क्रीन पण त्याच सीएलमधून दाखवायची म्हणतोय, त्याला एक छोटा प्रोग्राम लिहावा लागेल. अकाउंट्सच्या मॅडमना बोलावून सगळं समजावून सांगितलं, त्यांनीच सुचवलं की ऑडिटच्या आधी आम्ही पार्टींची यादी देतो, तेवढ्यांचंच काढून द्या. मॅनेजमेंटला पण सांगितलं की अधिकार काढायची गरज नाही.

एक राहिलं. होल्डला पडलेलं स्पूल स्टोअरवाल्यानं रिलीज करताना क्यू बदलून डिस्पॅचवर टाकलं तर? तिथं ४० ची मर्यादा आहेच, पण त्याला क्यू बदलताच येऊ नये असं करता येतं का?

जालना_सिस्टीम

करता येतं. डिस्पॅचच्या आउटक्यूवर पब्लिक ऑथॉरिटी एक्सक्लूड करा आणि डिस्पॅचच्या यूजरना, तुम्हाला अन् ऑपरेटरला तेवढी नावानं द्या. मग दुसऱ्याला तिथं स्पूल हलवताच येत नाही. मात्र ज्यांच्या प्रोफाइलला स्पूल कंट्रोलचा स्पेशल अधिकार आहे त्यांना कुठलाच आउटक्यू अडवत नाही, आणि जॉब कंट्रोल असलेल्यांना सुद्धा आउटक्यूवर ऑपरेटर कंट्रोल यस असेल तर वाट मोकळी असते. आधी त्या दोन अधिकारांची यादी काढून बघा, जुन्या सिस्टीमवर हे अधिकार नको तितक्या लोकांना वाटलेले सापडतात. आणि करायच्या आधी प्रत्येक डिस्पॅच यूजरच्या लॉगिननं एकेक चलान काढून तपासा, शिफ्टवाल्या पोरांची लॉगिन वेगळी असतील तर ती सुटतात हमखास.